रविवार कारंजावरची मोजणी

बारा दिवसांचं काम, रोजचे सहाशे,
स्टूल आपलं आपण आणायचं.
मुठीत मावेल एवढं यंत्र दिलंय.
माणूस गेला की अंगठा दाबायचा. टिक्.

निमिष सर पुण्याहून आलेत. म्हणाले,
हॉटेलवाल्यांना आकडे दाखवायचेत,
कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीलाही,
की जुन्या गावात पावलं किती पडतात,
कुणाची, किती वाजता.
कॉलेज रोडला गेलेला पैसा
परत मेन रोडला आणायचाय.
पैसा काय चुकलेलं वासरू आहे,
हाक मारली की येईल?
मी विचारलं नाही. सहाशे रुपये.

तक्त्यात रकाने आहेत:
हातात पिशवी, आहे की नाही.
काचेसमोर थांबले, किती सेकंद.
इथे काचा कुठल्या?
भांडी बाजारात माल बाहेरच टांगलेला,
घागरी दोरीला, पळ्या खिळ्याला.
बाया थांबत नाहीत, चालता चालता
बोटाच्या पेराने हंडा वाजवतात
आणि आवाज ऐकून पुढे जातात,
नाहीतर मागे फिरतात.
मागे फिरलेली बाई एकदा मोजायची की दोनदा?

दिगंबरशेठ तांबटांच्या ओट्याच्या सावलीत
माझं स्टूल. सकाळी ते विचारतात,
"झाली का गं बोहनी?"
"दोनशे चौदा," मी म्हणते.
"माझी अजून नाही. तुझाच धंदा बरा."

आठव्या दिवशी पाहुणे येणार होते.
महापालिकेने पहाटेच रस्ता धुतला,
झेंडूच्या टोपल्या कोपऱ्याआड गेल्या,
एक गाय तेवढी हलली नाही.
पांढऱ्या गाडीतून तिघे उतरले.
बाईंनी गोदेकडे जाणारा उतार पाहिला,
वरच्या मजल्यावरून छान दिसेल म्हणाल्या,
मग विचारलं,
दोनशे गाड्या लावायच्या कुठे?
आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या
तर एकीला ओट्यावर चढावं लागतं.
कुणी काही बोललं नाही.
दिगंबरशेठनी चहा मागवला.
आणि रात्री आठनंतर, बाई म्हणाल्या,
इथे मुक्कामाला कोण थांबतं?
सरांनी माझ्याकडे पाहिलं.
माझा तक्ता आठला संपतो.

म्हणून त्या रात्री थांबले, बिनपैशाची.
शटरं पडली. कारंजाभोवती रिक्षावाले,
दूध आटवणारा एक, त्याच्यापुढे चार गिऱ्हाइकं,
टिक् टिक् टिक् टिक्.
साडेदहाला बाप-लेक आले, चाळीसगावहून,
लेकाच्या हातात जुन्या साडीची पिशवी,
दोन्ही हातांनी धरलेली, खाली न ठेवलेली.
शेठ अर्धं शटर ओढतच होते.
बाप म्हणाला, प्लॅस्टिकच्या बरणीत आणलंय हो,
घाईत दुसरं काही सापडलं नाही,
सकाळी रामकुंडावर बरं दिसणार नाही.
शेठनी दिवा परत लावला,
बोटाने वाजवून न बघता
तांब्याचा एक तांब्या काढून दिला.
त्यांनी घासाघीस केली नाही,
शेठनीही भाव चढवला नाही.

समोरच्या लॉजवर मॅनेजरने वही उघडली.
किती जण?
"तीन," बाप म्हणाला. मग लेकाकडे बघून,
"दोन. दोनच.
सकाळी गरम पाणी मिळेल ना?"

मी तक्ता उलटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
वेळ, दहा पन्नास. खरेदी, एक नग.
मुक्काम, एक रात्र.
हातात पिशवी, आहे.

सकाळी बेरीज जुळेना.
लिहिलेल्या माणसांपेक्षा यंत्र एकाने पुढे.
निमिष सर म्हणाले, चालतं,
एवढा फरक धरतात.